शुगर निघाली! आता पहिले तीन महिने काय करायचं?

माझी शुगर निघाली तेव्हा मला काहीही होत नव्हतं. विम्यासाठी रक्त दिलं होतं, उपाशीपोटी १६८ आली. मी लॅबमध्ये फोन करून विचारलं, "नळीवर नाव बरोबर चिकटवलं होतं ना?" पलीकडच्या मुलीला हा प्रश्न रोजचाच असावा. ती शांतपणे म्हणाली, "काका, परत देऊन बघा." परत दिलं. १७१.

त्याला आता नऊ वर्षं झाली. गोळी कोणती आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडत नाही. पण त्या दहा मिनिटांच्या भेटीत जे सांगायचं राहून जातं, ते इथे क्रमाने लिहितो. सगळा घोळ एकाच गोष्टीचा आहे: शुगर दुखत नाही. दात दुखला की आमच्या नागपुरात माणूस धंतोलीला डॉक्टरांकडे धावतो, शुगर २५० असली तरी तर्री पोहा खाऊन ऑफिसला जातो.

आधी रिपोर्ट नीट वाचा

रिपोर्टवर बहुधा तीन आकडे असतात. आठ तास उपाशी राहून दिलेल्या रक्तात १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, आणि एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, या मधुमेहाच्या रेषा. त्याच्या अलीकडे एक पट्टा आहे: उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९, एचबीएवनसी ५.७ ते ६.४. याला प्रीडायबिटीज म्हणतात. या पट्ट्यात असाल तर वजन आणि चालणं एवढ्यावरच बरंच काही मागे फिरवता येतं.

लक्षणं नसताना एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दोन चाचण्या जुळाव्या लागतात, किंवा तीच चाचणी पुन्हा करावी लागते. आणि शेजाऱ्यांच्या मीटरवर बोट टोचून आलेल्या आकड्यावर तर निदान होतच नाही, त्यासाठी लॅबमध्ये शिरेतून काढलेलं रक्तच लागतं.

एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला किती साखर चिकटली, ते ही चाचणी सांगते. आदल्या रात्री जेवण टाळून तिला फसवता येत नाही. पण इथे विदर्भातल्या माणसांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. नुसतं वाहक असलात तरी काही यंत्रांवर गडबड होऊ शकते. उलट लोह कमी असलेल्या बाईचा आकडा खोटा जास्त येऊ शकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. मग ते उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या आकड्यांवर जास्त भर देतील.

आत नेमकं काय बिघडलं?

नागपूरच्या इतवारी बाजारातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. मालाचे ट्रक लागलेत. माल म्हणजे साखर, पोळी-भात-पोह्यातून आलेली. दुकानं म्हणजे शरीरातल्या पेशी. आणि माल उतरवून दुकानात टाकणारे हमाल म्हणजे इन्सुलिन. हे हमाल स्वादुपिंडातून येतात.

टाइप १ मध्ये हमालच नाहीत. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती त्यांचा कारखाना उद्ध्वस्त करते. बहुतेक वेळा हे लहानपणी किंवा तरुणपणी होतं आणि इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं. टाइप २ मध्ये, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्यात, दुकानदार शटर अर्धवटच उघडतात. पोटाभोवतीची चरबी, बसून काम, घराण्यातला वारसा, सगळं मिळून हे होतं. सुरुवातीला स्वादुपिंड जास्त हमाल पाठवून वेळ मारून नेतं. तेव्हा रिपोर्टही नॉर्मल असतो. काही वर्षांनी हमाल थकतात, माल रस्त्यावर साचतो आणि मग लॅबमधून फोन येतो.

"रात्री काहीच खाल्लं नाही, तरी सकाळची शुगर जास्त कशी?" हा प्रश्न सगळेच विचारतात. लिव्हर हे गोदाम आहे. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागलं की गोदामातून माल बाहेर पडतो, कुणी मागवला नसला तरी. गोदामाला हात दाखवून थांबवायचं कामही इन्सुलिनचंच, आणि तिथेही त्याचं ऐकलं जात नाही.

साचलेल्या मालाचा त्रास आधी अरुंद गल्ल्यांना होतो: डोळ्याचा पडदा, किडनी, पायाच्या नसा. मोठे रस्तेही सुटत नाहीत: हृदय, मेंदू, पायाच्या धमन्या. ब्रिटनमध्ये पाच हजारांवर नव्या रुग्णांचा वीस वर्षं अभ्यास झाला, त्याचे निकाल १९९८ मध्ये आले. ज्यांची शुगर पहिल्यापासून कडक सांभाळली, त्यांच्यात बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान जवळपास पावपटीने कमी निघालं. पहिल्या वर्षांत आळस करू नका, असं डॉक्टर का म्हणतात ते यातून कळतं.

पहिला आठवडा: गोळ्या, आणि मामा

बहुतेकांना मेटफॉर्मिन मिळते. ती जेवणाबरोबर घ्या, नाहीतर मळमळ आणि जुलाब होतात. जेवणाबरोबर घेऊनही पहिले काही दिवस पोट कुरकुरतं, मग जमतं. जमलं नाही तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका. ही गोळी वर्षानुवर्षं चालली तर बी१२ कमी होऊ शकतं, म्हणून अधूनमधून तेही तपासायचं.

इन्सुलिन लिहून दिलं तर "आता संपलं" असं समजायचं कारण नाही. ते १९२१ मध्ये टोरांटोत सापडलं. त्याआधी टाइप १ झालेली मुलं काही महिन्यांत, फार तर थोड्या वर्षांत जात असत. १४ नोव्हेंबरचा मधुमेह दिनही ते शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांच्या वाढदिवसाचा आहे. आपल्याकडे मात्र इन्सुलिन म्हटलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं.

आता मामा. प्रत्येकाच्या घरात एक असतो. माझे काटोलहून आले आणि म्हणाले, "काहून बाप्पा गोळ्या खातं? जांभळाच्या बियांची पावडर घे न, महिन्याभरात शुगर गायब." जांभूळ खा, कारल्याची भाजी खा, मेथ्या खा. वाईट त्यात काही नाही. पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद करायची नाही. आणि शंभर टक्के आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांपासून तर लांबच राहा, त्यात काय कुटून टाकलंय ते सांगता येत नाही.

याच आठवड्यात शिकायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शुगर कमी होणं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण चुकलं, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, कडकडून भूक लागते, माणूस विनाकारण भांडायला उठतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. अजून कमी असेल तर पुन्हा तेच. सावरलं की पोळी किंवा बिस्किट खायचं. पेढा किंवा संत्रा बर्फी तोंडात टाकू नका, त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात हळू पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. माझ्या गाडीच्या डिकीत ग्लुकोजची पुडी असते आणि ती उन्हाने दगड झाली की बदलतो.

मीटर आणि संत्रं

ग्लुकोमीटर घ्या. टोचताना बोटाच्या टोकावर नको, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. पट्टीच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने आणि उष्णतेने पट्ट्या खराब होतात. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

एका डिसेंबरात गच्चीवर उन्हात बसून संत्री सोलत होतो. बायकोला आणि मुलीला फोडी देत होतो, स्वतः एकच फोड खाल्ली होती. आठवण झाली म्हणून हात पँटला पुसले आणि तिथेच मोजलं. २६४. छातीत धस्स झालं. मुलगी म्हणाली, "बाबा, बोटाला संत्र्याचा वास येतोय." साबणाने हात धुतले, पुसले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १३९. सालीचा आणि फोडीचा रस बोटाला लागलेला असतो आणि मीटर तोही मोजतं. सॅनिटायझर चोळून काम भागत नाही, पाणी आणि साबणच हवा. आंब्याच्या दिवसांत तर दुप्पट जपा.

रोज पाच वेळा मोजायची गरज प्रत्येकाला नसते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असाल तर आठवड्यातून काही वेळा, कधी उपाशीपोटी, कधी जेवणानंतर, एवढंही चालतं. इन्सुलिनवर असाल तर जास्त वेळा. आकडा वहीत लिहा, आणि शेजारी काय खाल्लं तेही लिहा, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

ताटात काय?

अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट वरण, उसळ, अंडं किंवा मासा, आणि उरलेल्या पावात भाकरी, पोळी किंवा भात. नियम एवढाच. तो पाळताना नागपुरात कुठे पाय घसरतो ते सांगतो.

तर्री पोहा सोडायला मी तयार नव्हतो. सोडलाही नाही. पोहे अर्धी प्लेट, तर्रीतले चणे दुप्पट, वर कांदा-सांबार (म्हणजे कोथिंबीर) भरपूर, शेव नाही. आणि खाल्ल्यावर फुटाळा तलावाच्या कडेने पंधरा मिनिटं पायी. वहीत पाहिलं तर पूर्ण प्लेट खाऊन खुर्चीत बसलेल्या दिवसापेक्षा आकडा पन्नासने कमी होता. तुमचा वेगळा असेल, म्हणून तर वही.

सावजी रश्श्याला लोक उगाच घाबरतात. तिखटाने शुगर वाढत नाही. वरचा तेलाचा थर आणि मीठ ही त्यातली खरी अडचण, आणि ती हृदयाची आहे. शुगर वाढवतो तो सोबतचा भाताचा डोंगर. वडाभात आणि गोळाभात यांचंही तेच.

संत्रं आख्खं खा, एका वेळी एक. रस काढू नका. ग्लासभर रसात तीन-चार संत्री जातात आणि चोथा गाळला जातो. उसाचा रस बंद म्हणजे बंद. गूळ, मध, खडीसाखर यांना वेगळे समजू नका, रक्तात गेल्यावर सगळे एकाच माळेचे मणी. अक्षय्यतृतीयेला आंब्याचा रस वाटीभर घ्यायचा असेल तर त्या दिवशी पुरी-भात सोडा. महालक्ष्म्यांच्या जेवणात सोळा भाज्या असतात, त्याच आधी वाढून घ्या. पुरणपोळी शेवटी आणि अर्धी. आग्रह करणाऱ्या काकूंना माझं उत्तर ठरलेलं आहे: "वहिनी, डब्यात बांधून द्या."

उपवासाला साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना निरंकार उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

व्यायाम आठवड्याला एकूण १५० मिनिटं. अंबाझरीला जा, सेमिनरी हिल्सला जा, नाहीतर कॉलनीतच फेऱ्या मारा.

पहिल्या महिन्यात करायच्या चार तपासण्या

टाइप २ असेल तर निदान झालं त्याच वेळी या करायच्या आणि मग दरवर्षी. "डोळ्यांना दिसायला लागलं कमी की जाईन" हे चालत नाही. टाइप २ निदानाआधी वर्षानुवर्षं अंगात असू शकतो.

डोळे. चष्म्याचा नंबर काढणं वेगळं. थेंब टाकून बाहुली मोठी करून मागचा पडदा बघायला सांगा. पडद्यावर रक्ताचे ठिपके आले तरी माणसाला वर्षभर सगळं स्वच्छ दिसू शकतं. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या. आणि शुगर खूप वाढलेली असताना नवा चष्मा करू नका. साखरेने डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर बदलतो आणि शुगर खाली आली की काही आठवड्यांत पुन्हा बदलतो. माझा एक चष्मा असाच वाया गेला.

किडनी. रक्तातलं क्रिएटिनीन आणि सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाण, म्हणजे लघवीतून प्रथिन किती जातंय ते. हे प्रमाण ३० च्या खाली असावं. पायाला सूज येईपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो, लघवीत मात्र ते कितीतरी आधी दिसतं.

हृदय. बीपी, कोलेस्टेरॉल, गरजेप्रमाणे ईसीजी. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टर बहुधा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, देतात. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो, नुसता दम लागतो किंवा घाम फुटतो, आणि घरचे ॲसिडिटीची गोळी देऊन झोपवतात. तंबाखू-खर्रा सोडा. खर्ऱ्याबद्दल नागपुरात वेगळं सांगायची गरज नाही, पण सांगतो.

आणि पाय. इथे मी थोडा थांबणार आहे.

माझ्या बाबांना चौदा वर्षं शुगर होती आणि "मला काही होत नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका वैशाखात दुपारी दीड वाजता देवळात गेले, चपला बाहेर काढल्या आणि तापलेल्या फरशीवरून अकरा प्रदक्षिणा घातल्या. आजूबाजूचे लोक उड्या मारत सावलीकडे पळत होते. बाबा शांतपणे चालत होते, आणि आम्हाला ती भक्ती वाटली. रात्री आईला त्यांच्या पायाखालची चादर ओली दिसली. दिवा लावला. दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड, दोन फुटलेले. बाबा विचारत होते, "कुठे काय?" नसा कधीच गेल्या होत्या. तीन महिने ड्रेसिंग चाललं आणि उजव्या पायाचं एक बोट गेलं.

म्हणून रोज रात्री तळवे बघा. दिसत नसतील तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर घरच्यांना सांगा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. तळव्यावरचं कुरूप स्वतः ब्लेडने कापू नका. बादलीतलं गरम पाणी पायाने नाही, कोपराने तपासा. नवे बूट संध्याकाळी घ्या, तोपर्यंत पाय थोडे फुगलेले असतात. देवळात सकाळी लवकर जा किंवा पायात सुती मोजे ठेवा. देव रागावत नाही. डॉक्टर एका नायलॉनच्या धाग्याने तळव्याला टोचून संवेदना तपासतात, दोन मिनिटांचं काम आहे. पण ते बऱ्याचदा मागावं लागतं.

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा शुगरवाल्यांनी जास्त सांभाळायला हवं. न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणजे फ्रिजमध्ये, पण फ्रीझरला टेकून नाही. एकदा गोठलं की ते फेकायचं. उघडलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत सुमारे २८ दिवस चालतं, पण थंड जागी ठेवलं तर. आपली मे महिन्यातली खोली ही थंड जागा नव्हे. लाइट जात असेल तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी गार माठाच्या पाण्यात तरंगत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.

डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. लघवी वाढते आणि त्या जागी खाज किंवा संसर्ग होऊ शकतो. अशा गोळीवर असताना उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा जेवण बंद पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, ती गोळी काही दिवस थांबवावी लागते. इन्सुलिन मात्र आजारपणात स्वतःहून बंद करायचं नाही. पन्हं प्या, साखर-गूळ न घालता, मीठ बेताने, जिऱ्याची पूड घालून. पहिल्यांदा विचित्र लागतं.

कुठे आणि किती खर्चात

धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांची कमी नाही. खिशाला झेपत नसेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेतच, फक्त तिथे सकाळी लवकर रांगेत लागा. जनऔषधी केंद्रात याच औषधांचे जेनेरिक खूप स्वस्त मिळतात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा.

तीन महिन्यांनी

पुन्हा एचबीएवनसी. बहुतेकांना ७ च्या खाली आणायचा असतो. वय झालेल्यांना, वारंवार शुगर कमी होणाऱ्यांना डॉक्टर सैल आकडा ठरवून देतात, त्यांनी सात गाठायची घाई करू नये. भेटीला जाताना वही, मीटर आणि चालू गोळ्यांची पाकिटं, मामांच्या पावडरीसकट, एका पिशवीत न्या.

आणि खुर्चीवर बसताच, डॉक्टरांनी विचारायच्या आधी, चपला-मोजे काढा. माझे डॉक्टर पहिल्यांदा हसले होते. मग त्यांनी खण उघडून तो नायलॉनचा धागा बाहेर काढला.